फुले, बादली आणि कलम ९५

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. गुडघ्याचे दुखणे, नातवाची परीक्षा आणि थोडासा आळस. पण गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत एक प्रसंग घडला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. तेव्हा म्हटले, लिहूनच टाकावे.

सभेत त्या दिवशी चोरीचे दोन विषय होते. पहिला विषय फुलांचा. मागच्या गल्लीतले एक आजोबा पहाटे आमच्या आवारात येतात आणि जास्वंद, तगर, प्राजक्त असे जे मिळेल ते पिशवीत भरून नेतात. आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींना स्वतःच्या देवाला फूल उरत नाही. सचिवांनी कॅमेऱ्यातले चित्रण सगळ्यांना दाखवले. आजोबा काठीच्या टोकाने फांदी वाकवत होते. सगळे हसले. 'अहो, देवालाच तर वाहतात!' असे कोणीतरी म्हणाले आणि विषय संपला.

दुसरा विषय बादलीचा. कचरा वेचायला येणाऱ्या बाईने जिन्याखालची एक प्लास्टिकची बादली नेली होती. तिची कडी तुटलेली, बुडाला चीर, आणि दोन वर्षे ती तिथे उताणी पडलेली. हेही चित्रण दाखवले गेले, पण या वेळी कोणी हसले नाही. 'पोलिसांत द्या, एकदा धडा मिळायला हवा' असे दोघे-तिघे म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सचिवांनी अर्ज लिहायचे ठरले. मी गप्प बसले होते. घरी आल्यावर मात्र जेवण गोड लागले नाही.

रविवारी पुतण्या आला. तो वकिली करतो. त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि विचारले, "अरे, फुले तोडणे ही कायद्याने चोरी होते का रे?"

"होते की, काकू," तो म्हणाला. "झाडावर आहे तोवर फूल जमिनीला जोडलेले, म्हणून ती जंगम वस्तू नाही आणि तिची चोरी होत नाही. तोडले की ते जंगम झाले. मालकाला न विचारता, आपल्याला मिळावे म्हणून तोडून नेले, तर चोरीची व्याख्या पूर्ण होते."

"म्हणजे आजोबा आणि ती बाई, दोघेही चोर?"

"कागदावर दोघेही. पण त्याच कायद्यात कलम ९५ होते. आता नव्या न्याय संहितेत ते ३३ झालेय. ते लावले तर दोघांचाही गुन्हा होत नाही."

तो चहा पिऊन गेला, पण माझ्यातल्या इतिहासाच्या बाईला काम देऊन गेला. मग पुढचे पंधरा दिवस मिळेल ते वाचत होते. त्यातले जे कळले ते माझ्या भाषेत सांगते. वकील मंडळींनी चुकले तर सांभाळून घ्यावे.

या कलमाचा आशय फार साधा आहे. एखाद्या कृत्याने झालेली इजा किंवा नुकसान इतके किरकोळ असेल, की साधारण समजुतीचा आणि साधारण स्वभावाचा माणूस त्याबद्दल तक्रारच करणार नाही, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. कृत्य मुद्दाम केलेले असले तरीही. शिक्षा कमी होते असे नाही, माफी मिळते असेही नाही. मुळात गुन्हाच घडलेला नसतो. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. ती चांगलीच सोय आहे, पण तिथे माणूस दोषी ठरून मगच सुटतो. कलम ९५ मध्ये दोषाचा शिक्काच लागत नाही.

हे कलम लिहिले लॉर्ड मेकॉले यांच्या आयोगाने. मेकॉले म्हटले की आपल्याला १८३५ सालचा इंग्रजी शिक्षणाचा खलिताच आठवतो आणि कपाळाला आठी पडते. (माझ्या विद्यार्थ्यांना मीच ती पाडायला शिकवली!) पण याच माणसाने हिंदुस्थानात बसून दंडसंहितेचा मसुदा केला. तो १८३७ साली पुरा झाला, पुढे वीसेक वर्षे धूळ खात पडला, १८५७ च्या उठावानंतर १८६० साली मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. ३० जून २०२४ पर्यंत, म्हणजे एकशे बासष्ट वर्षे, तो आपल्याकडे चालला.

मसुद्याला मेकॉलेंनी टिपणे जोडली आहेत. त्यात या कलमाची कारणे आहेत आणि उदाहरणे तर अगदी घरगुती आहेत. दुसऱ्याच्या दौतीत आपला टाक बुडवला, तर व्याख्येप्रमाणे ती शाईची चोरी. पाकीट चिकटवायची त्याची टिकली चुरगाळली तर ते मालमत्तेचे नुकसान. घोड्यावरून दौडत जाताना त्याच्या अंगावर धूळ उडाली तर हल्ला. गाडीत चढताना रेटारेटी झाली तर दुखापत. मेकॉलेंचे म्हणणे असे, की अशा गोष्टी सगळेच करतात आणि सगळेच सोसतात. त्याशिवाय माणसांना एकत्र राहताच येणार नाही. गुन्ह्यात आणि यांत फरक फक्त प्रमाणाचा. मग हा फरक न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा कायद्यातच लिहिलेला बरा. किती व्यवहारी विचार आहे पाहा! आपल्या वाड्यांत, चाळींत हेच चालत आले. वाटीभर साखर नेली, परत द्यायची राहिली, म्हणून कोणी चावडीवर गेले नाही.

मेकॉलेंना हे सुचले त्यामागे त्यांच्या देशाचा अनुभव असावा असे मला वाटते. त्यांचा जन्म १८०० सालचा. तेव्हाच्या इंग्लंडात दुकानातून पाच शिलिंग किमतीचा माल चोरला तर फाशीची शिक्षा होती. तो कायदा १६९९ सालचा. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तरी फाशीच. कायदा असा आंधळा झाला की माणसे पळवाट शोधतात. तिथल्या पंचांनी ती मालाच्या किमतीत शोधली. चोरलेला माल उघड उघड जास्त किमतीचा असला तरी पंच शपथेवर सांगत, माल एकोणचाळीस शिलिंगांचाच! की आरोपीचा जीव वाचला. ब्लॅकस्टोन या मोठ्या कायदेपंडिताने या खोटेपणाला पुण्यकर्माच्या पंगतीत बसवले आहे. सॅम्युएल रोमिली नावाच्या खासदाराने १८०८ साली खिसेकापूंची फाशी रद्द करवून घेतली. दुकानातल्या पाच शिलिंगांच्या चोरीची फाशी काढायचे त्याचे विधेयक १८१० साली खालच्या सभागृहात मंजूर झाले, पण लॉर्डांच्या सभागृहाने ते फेटाळले. पाच शिलिंगांवरून माणूस लटकवायचा की नाही यावर तिथे शहाण्यासुरत्या लोकांनी इतका वाद घातला.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कायदा लागू होऊन सहा वर्षे झाली होती. १८६८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. सरकारी पडीक जमिनीवरच्या एका झाडाच्या शेंगा कोणी तोडून नेल्या होत्या. शेंगांची किंमत जवळजवळ शून्य. न्यायालयाने कलम ९५ लावले आणि ही चोरी नाही असे ठरवले. हे वाचले तेव्हा मला आमचे प्राजक्तवाले आजोबाच डोळ्यांपुढे आले. शेंगा काय आणि फुले काय!

पण सात वर्षांनी, १८७५ साली, बंगालमध्ये एक वेगळे प्रकरण झाले. नोकरीवरून काढलेल्या एका पोलिसाने फेरविचाराचा अर्ज केला, तो नाकारला गेला, तेव्हा त्याने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाच्या छातीवर छत्री मारली. छत्रीने असे किती लागणार? पण इथे न्यायालय म्हणाले, हे किरकोळ नाही, कलम ९५ लागू होत नाही. कारण प्रश्न नुसत्या दुखण्याचा नव्हता. कोणी, कोणाला, कोणत्या रागाने मारले, याचा होता.

मग १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्याच एका घरमालकीण-भाडेकरूचे भांडण गेले. भांडणाची सुरुवात भाडेकरूंच्या नोकराच्या तोंडून गेलेल्या शिवीने झाली. दुसऱ्या दिवशी घरमालकिणीच्या नवऱ्याने त्या नोकराच्या थोबाडीत दिली, मग शब्दाला शब्द वाढला आणि भाडेकरणीच्या नवऱ्याने मालकिणीच्या नवऱ्यावर कागदांची फाइल भिरकावली. ती लागली बाईंच्या कोपराला. ओरखडा आला. पोलिसांकडे केलेल्या तक्रारीत मात्र त्या ओरखड्याची केवढी तरी मोठी जखम झाली होती. खटला खालच्या कोर्टापासून थेट दिल्लीपर्यंत गेला. शेवटी न्यायालयाने सांगितले, हे कलम मुद्दाम केलेल्या कृत्यालाही लागते, अंगाला झालेल्या इजेलाही लागते, आणि इथे लागते. इजा किरकोळ की नाही हे ठरवायला एकच माप नाही, असेही न्यायालय म्हणाले. इजेचे स्वरूप, दोन्ही बाजूंची स्थिती आणि नाते, मनातला हेतू, बाकीची परिस्थिती, हे सगळे पाहायचे.

इथे मी अडखळले. दोन्ही बाजूंची स्थिती! न्यायालयाचे म्हणणे योग्यच आहे. पण हेच माप न्यायालयाबाहेर, तुमच्याआमच्या हातात आले की काय होते?

एक लांबचे उदाहरण सांगते. किरकोळ कृत्य गुन्हा नव्हे, हे तत्त्व फक्त इंग्रजी कायद्यातच आहे असे नाही. सोव्हिएत रशियाच्या १९२६ सालच्या दंडसंहितेतही तशी टीप होती. कृत्य वरकरणी व्याख्येत बसत असले, पण अगदी क्षुल्लक असल्यामुळे समाजाला त्याचा धोका नसेल, तर तो गुन्हा नव्हे. आजच्या रशियन संहितेतही ते आहे. पुस्तकात ही टीप तशीच असताना ७ ऑगस्ट १९३२ रोजी तिथे एक फर्मान निघाले. सामुदायिक शेतीच्या मालाची चोरी केली तर गोळी घालून मृत्युदंड, आणि दया दाखवायचीच तर निदान दहा वर्षे कैद. पुढच्याच हंगामात भीषण दुष्काळ होता. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसे वेचणारी माणसे या फर्मानाखाली पकडली गेली. लोक त्याला 'पाच कणसांचा कायदा' म्हणत. १९३६ साली सरकारनेच फेरतपासणी केली तेव्हा एक लाखाहून अधिक प्रकरणे तपासावी लागली, आणि त्यांतल्या बहुतेकांत हा कायदा चुकीने लावला होता असे निघाले. टीप पुस्तकात होती, पण उपाशी माणसाच्या हातातले कणीस तिच्यात बसू दिले गेले नाही.

आणि हे फक्त लांबच्या देशात घडले असे समजू नका. ज्या इंग्रज सरकारने आपल्याला कलम ९५ दिले, त्याच सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळीकडे लावता येऊ लागला. पारध्यांसारख्या आपल्याकडच्या कितीतरी जमाती त्यात आल्या. माणसाने काय केले हा प्रश्नच नाही. तो जन्मला कुठे एवढेच पाहायचे. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. म्हणजे एकीकडे शेंगा तोडल्या तरी गुन्हा नाही, आणि दुसरीकडे नुसते परगावी पाहुण्यांकडे गेले तरी गुन्हा! सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात.

कायदा गेला, पण मनातला शिक्का गेला का? याचे उत्तर मला पुस्तकात शोधायची गरज नाही. आता जे लिहिते ते घरातल्यांनाही कधी सांगितलेले नाही.

१९८१ साल असेल. मी एका तालुक्याच्या गावी सातवीची वर्गशिक्षिका होते. शाळेच्या भिंतीला लागून एक पेरूची बाग होती. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली दोन मुले भिंतीवरून चढून पेरू घेऊन आली. बागवाला ओरडत शाळेत आला. दोघांच्याही खिशात पेरू निघाले, एकाच्या तीन आणि एकाच्या दोन. तीनवाला गावातल्या डॉक्टरांचा मुलगा. त्याला दहा उठाबशा काढायला लावल्या आणि 'वडिलांना सांगू का?' असा दम दिला. दोनवाला मुलगा गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांवरचा. त्याच्या घराण्यात शाळेत आलेला तो पहिलाच. बागवाला म्हणाला, याला चौकीवर नेतो, मागे माझी मोटारीची वायर गेली होती ती यांनीच नेली असणार. मुख्याध्यापकांनी नेऊ दिले. मी दारात उभी होते. माझ्या वर्गातला मुलगा होता तो. 'थांबा, दोघांनी एकच गोष्ट केली आहे' एवढे एक वाक्य मला म्हणता आले असते. म्हटले नाही. नवीन नोकरी, लहान गाव, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात कुठेतरी होते, की असेलही वायर यांनीच नेली.

तो मुलगा संध्याकाळी सुटला, पण त्याच्या बापाला आणि चुलत्याला बोलावून बसवून ठेवले. आठवड्याभरात पाले उठली. मी रोज हजेरी घेताना त्याचे नाव पुकारत होते आणि पुढे गैरहजर लिहीत होते. पुढे नियमाप्रमाणे नाव पटावरून कमी केले. तेही माझ्याच अक्षरात आहे. आज तो मुलगा पंचावन्न-छप्पन्न वर्षांचा असेल. कुठे आहे, काय करतो, मला माहीत नाही.

आता कळते ते असे. साधारण समजुतीचा, साधारण स्वभावाचा माणूस कायद्याने मोठ्या विश्वासाने मधे उभा केला आहे. तो माणूस म्हणजे कोणी न्यायाधीश नव्हे, तुम्ही-मी. आपण तक्रार करणार नाही असे कायदा धरून चालतो. पण आपण सगळ्यांच्या बाबतीत सारखे साधारण राहत नाही. आपल्यासारख्याने केले की 'जाऊ द्या हो', आणि परक्याने केले की 'धडा शिकवायला हवा'. कलम तेच, पेरू तोच, पण कृत्य लहान की मोठे हे आपण हात बघून ठरवतो. कोणाचा गुन्हा किरकोळ मानायचा, याची यादी आपल्या मनात आधीच तयार असते.

असो. परवाच्या सभेत मी उठून बोलले. गुडघा धरून उठावे लागले, त्यामुळे सगळे आपोआप गप्प झाले! मी म्हटले, "तक्रार करायची असेल तर दोन अर्ज करा. एक फुलांचा आणि एक बादलीचा. दोन्ही चित्रणे जोडा." एक गृहस्थ म्हणाले, "बाई, आज बादली नेली, उद्या सायकल नेतील." त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मी म्हटले, "सायकल नेली तर सायकलीची तक्रार आपण सगळे मिळून करू. पण उद्याच्या सायकलीची शिक्षा आजच्या फुटक्या बादलीला नको." थोडी वादावादी झाली. दोघांना माझे पटले नाही, तसे त्यांनी सांगितलेही. पण अर्ज गेला नाही. शिवाय जिन्याखालचे नको असलेले सामान दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या बाईंना बोलावून द्यायचे ठरले.

काल त्या बाई आल्या तेव्हा मी खाली होते. त्यांना यातले काहीच माहीत नाही, आणि मीही सांगितले नाही. "मावशी, चहा घेणार का?" एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, "नको बाई, दोन बिल्डिंगी राहिल्यात अजून."

एका वाक्याला मला चव्वेचाळीस वर्षे लागली, आणि ज्याच्यासाठी ते बोलायला हवे होते तो ऐकायला नव्हता. तुमच्यापैकी कोणाच्या आठवणीत असे राहून गेलेले वाक्य असेल तर जरूर लिहा. निदान पुढच्या वेळी ते वेळेवर आठवेल.